दारू सोडताना: एए की स्मार्ट रिकव्हरी?

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस (एए) या दारू सोडणाऱ्यांच्या संघटनेच्या बारा पायऱ्यांतली पहिलीच पायरी कबुलीची: दारूपुढे आम्ही हतबल आहोत. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेली ही वाट महाराष्ट्रातही रुळली आहे. मराठीतून मीटिंगा होतात, फी नाही. शंभरदा शपथ घेऊन मोडलेल्या माणसाला त्या कबुलीनं डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखं वाटतं. पण काहींना ती पचत नाही. घरात मारहाण सोसून दारूकडे वळलेल्या बाईला पुन्हा 'मी हतबल' म्हणायला लावणं मला तरी पटत नाही.

१९९४ साली अमेरिकेतच उभी राहिलेली स्मार्ट रिकव्हरी ही संघटना दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करते. कागदावर चार चौकोन आखायचे: पिण्याचे फायदे, तोटे, न पिण्याचे फायदे, तोटे. पहिला चौकोन प्रामाणिकपणे भरायचा, अगदी 'झोप लागते' हेसुद्धा. मग प्रत्येक ओळीपुढे लिहायचं: हे तेवढ्यापुरतं की कायमचं? तिथे पेन थबकतं, आणि झोपेसाठी दुसरं काय करता येईल, हा प्रश्न ज्याचा त्यालाच सुचतो. एएसारखं वरच्या शक्तीला शरण जायचं नाही, स्वतःवर 'दारुडा' असा शिक्का मारून घ्यायचा नाही.

मात्र रात्री तलफ आली की ज्याला फोन करावा असा स्पॉन्सर, म्हणजे आधी दारू सोडलेला जुना सदस्य, ही एएची मोठी जमेची बाजू. स्मार्टमध्ये तशी रीत नाही.

वाट कुठलीही धरा, रोज पिणाऱ्याने आधी डॉक्टरांना भेटावं. दारू एकदम तोडली तर फिट येऊ शकते.