शोकसांत्वन सेवा: एका मंडळीच्या घरभेटींविषयी अभिप्राय

धाकट्या भावाने आत्महत्या केल्यानंतर एका ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) शोकसांत्वन सेवेतर्फे आमच्याकडे घरभेटी सुरू झाल्या आणि त्या बराच काळ चालू राहिल्या. ही सेवा विनामूल्य आहे. पाळकांकडे (मंडळीच्या धर्मगुरूंकडे) नाव दिले की प्रशिक्षित सेवक ठरलेल्या वेळी घरी येतो, आणि घरच्यांनी नको म्हटले तर कारण न विचारता भेट पुढे ढकलतो. ज्या घरात दार उघडायलाही कोणी उठत नाही, तिथे या सवलतीचे मोल मोठे असते.

आमच्याकडे येणारे वयस्क सेवक आल्याबरोबर मोबाइल बंद करून पिशवीत टाकत, पवित्र शास्त्र (बायबल) न उघडता मांडीवर ठेवत आणि आईला विचारत, “काकू, आज वाचू, की नुसता बसू?” बहुतेक वेळा उत्तर ‘नुसते बसा’ असेच असे, आणि ते खरोखरच बसत. बायबलमधील ईयोबावर संकटे कोसळली तेव्हा त्याचे मित्रही सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसले होते; बिघडले ते त्यांनी त्याच्या दुःखाची कारणे सांगायला सुरुवात केल्यावर, आणि ग्रंथाच्या शेवटी परमेश्वराचा कोप झाला तो देवाची बाजू मांडणाऱ्या या मित्रांवर, तक्रार करणाऱ्या ईयोबावर नव्हे. वाचायला सांगितले तेव्हा या सेवकांनी बायबलमधले ८८वे स्तोत्र निवडले, जे अंधारातच संपते. पुढच्या स्तोत्राकडे वळण्याची घाई त्यांनी केली नाही.

एके दिवशी आईने, माझ्या मुलाचे तारण झाले असेल का, असे थेट विचारले. आत्महत्या करणाऱ्याला देव स्वीकारतो का, या प्रश्नावर घाईने दिलासा देणारे आणि घाईने दोषी ठरवणारे असे दोन्ही प्रकारचे उपदेशक आम्हाला तोवर भेटून गेले होते. सेवक म्हणाले, “काकू, निवाडा करणारा मी कोण? तो ज्याच्या हाती आहे, तो प्रभू येशू आपल्या मित्राच्या, लाजराच्या, कबरेकडे जाताना रडला होता, एवढे मला ठाऊक आहे.” मग त्यांनी भावाविषयी विचारले: तो कसा हसायचा, कशावरून चिडायचा. तोपर्यंत सगळे फक्त त्याच्या मरणाविषयीच बोलत होते.

माझ्याशी एकांतात बोलताना त्यांनी आडवळण न घेता विचारले, “तुमच्याही मनात जीव द्यावा असे येते का?” असे विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, उलट बोलायला वाट मिळते, हे त्यांना शिकवलेले दिसले. मी होकार देताच त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्यायला लावली आणि पहिल्या खेपेला सोबतही आले. प्रार्थना की औषध, असा पेच त्यांनी कधी उभा केला नाही. अशा प्रशिक्षणाची एक परंपरा अमेरिकेतील पाळक अँटन बॉयसन यांच्यापर्यंत जाते. स्वतः मनोरुग्णालयात उपचार घेतलेल्या या माणसाने १९२५ साली वुस्टर येथील मनोरुग्णालयात ईश्वरविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना रुग्णांच्या सहवासात शिकवायला सुरुवात केली. नुसत्या सदिच्छेवर हे काम सोपवू नये, हे त्यांनी ओळखले होते.

गोपनीयतेच्या बाबतीत मात्र ही सेवा कच्ची ठरली. माझे उपचार सुरू झाल्याची बातमी ‘प्रार्थना विनंती’ म्हणून मंडळीच्या व्हॉट्सअॅप गटावर पोहोचली. ती टाकणाऱ्या व्यक्तीचा हेतू चांगला असेलही, पण त्यानंतर कित्येक दिवस मी उपासनेला गेलो नाही. पाळकांनी माफी मागितली, तरी लेखी नियम काही झाला नाही. शिवाय नेहमीचे सेवक आजारी असताना आलेल्या बदली सेवकाने “देवाची योजना असते” हे वाक्य इतक्या वेळा उच्चारले की आई उठून आत गेली.

भेटींना मी पाचपैकी साडेचार गुण देईन, गोपनीयतेला दोन. नाव नोंदवतानाच आपली कोणती माहिती कोणाला सांगितली जाईल, हे विचारून घ्यावे आणि गटावर काहीही टाकू नये असे पाळकांना लिहून द्यावे.