डॅशबोर्डवर वेळेची पट्टी: कोणती ठेवावी, कोणती नको

नोशन, ऑब्सिडियन (दोन्ही नोंदी ठेवायची अ‍ॅप्स) किंवा गूगल शीट्समध्ये डॅशबोर्ड, म्हणजे सगळं एका नजरेत दाखवणारं पान, तयार झाला, कामांच्या याद्या लागल्या, की पुढची हौस ठरलेली असते: वर्ष किती टक्के सरलं हे दाखवणारी पट्टी. दिसते छान, लावायलाही फार वेळ लागत नाही. तरी लावण्याआधी एक फरक ध्यानात घ्यावा. कामाची पट्टी आपण काही केलं तरच सरकते. वेळेची पट्टी आपण झोपलो तरी सरकते. दोन्ही दिसायला मात्र सारख्याच. ६२ टक्के भरलेली हिरवी पट्टी पाहून काहीतरी पार पडल्यासारखं वाटतं, प्रत्यक्षात फक्त दिवस गेलेले असतात. त्यामुळे वेळेच्या पट्टीला हिरवा रंग देऊच नये, राखाडी पुरे.

वर्ष, महिना की दिवस?

बहुतेक जण आधी विजेट (पानात बसवायचा तयार तुकडा) निवडतात आणि कालावधीचा विचार नंतर करतात. खरं तर फरक पडतो तो कालावधीने.

वर्षाचा एक टक्का म्हणजे ३.६५ दिवस. एका दिवसात पट्टी जेमतेम ०.२७ टक्क्याने पुढे जाते. पट्टी २०० पिक्सेल रुंद असेल तर रोजची हालचाल साधारण अर्ध्या पिक्सेलची, म्हणजे डोळ्याला न दिसणारी. जे हलत नाही त्याकडे आठवड्याभरात लक्ष जाईनासं होतं, आणि मग ती पट्टी शोभेपुरती उरते. वर्षाची पट्टी कामी येते ती क्वचित, २ जुलैच्या दुपारी अर्धं वर्ष संपतं तेव्हा एकदा दचकवण्यापुरती.

दिवसाच्या पट्टीचं उलट. आठ तासांचा कामाचा दिवस धरला तर एक टक्का म्हणजे ४ मिनिटं ४८ सेकंद. पाहावं तेव्हा ती पुढे सरकलेलीच. एका बैठकीत एकच काम उरकायचं असेल तर ठीक, पण दिवसभर डोळ्यांसमोर ठेवली तर कामापेक्षा घड्याळावरच जास्त लक्ष राहतं.

महिन्याची पट्टी रोज सव्वातीन टक्क्यांच्या आसपास सरकते, तेरा आठवड्यांच्या तिमाहीची आठवड्याला ७.७ टक्के. हालचाल दिसते आणि छातीत धडकीही भरत नाही. छोट्या कालावधीचा आणखी एक फायदा आहे. डाय, मिल्कमन आणि रीस या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं की आठवडा, महिना, सत्र अशा नव्या सुरुवातींच्या आसपास लोक व्यायामशाळेत जाण्यासारख्या गोष्टी जास्त प्रमाणात करतात. वर्षाची पट्टी शून्यावर एकदाच येते, महिन्याची बारा वेळा. माझं मत विचाराल तर पहिली पसंती त्या प्रकल्पाच्या स्वतःच्या मुदतीला, दुसरी महिन्याला.

पट्टी, वर्तुळ, चौकटी की उलटी गणती?

वर्तुळ देखणं असतं, पण दोन वर्तुळं शेजारी ठेवून ४८ टक्के कोणतं आणि ५५ कोणतं हे आकडा न वाचता सांगून पाहा. क्लीव्हलँड आणि मॅकगिल यांचा १९८४ चा अभ्यास हेच सांगतो: एकाच रेषेवरून सुरू होणाऱ्या लांबींची तुलना माणसाला कोनांपेक्षा बरीच अचूक जमते. एकच गोष्ट दाखवायची असेल तर वर्तुळ चालेल. दोन गोष्टी ताडून पाहायच्या असतील तर पट्टीच हवी.

चौकटींची जाळी आठवड्यांसाठी बरी. ५२ चौकटी फोनवरही मावतात, ३६५ मावत नाहीत. नव्वद वर्षांच्या आयुष्याच्या ४,६८० आठवड्यांची जाळी काही जण मुख्य पानावर लावतात. वर्षातून एकदा पाहायला ती ठीक आहे. रोज सकाळी किराणा आणि बिलांच्या यादीच्या डोक्यावर मृत्यूचा तक्ता कशाला?

उलट्या गणतीला चित्राची गरजच नसते, ‘२१ दिवस बाकी’ एवढा आकडा पुरतो. फक्त शनिवार-रविवार सुट्टी असेल तर त्या २१ मध्ये कामाचे दिवस १५ च असतात. शीट्समधलं ‘नेटवर्कडेज’ फंक्शन तेवढेच मोजून देतं.

सूत्र की विजेट?

विजेटचा मार्ग सोपा: दुवा चिकटवायचा, एम्बेड करायचं, झालं. पण ते पान दुसऱ्याच्या सर्व्हरवरून येतं. इंटरनेट नसेल तर रिकामी चौकट दिसते, गडद थीमवर पांढरा ठोकळा उमटतो, आणि सेवा बंद पडली तर पट्टीही गेली. माझ्या पाहण्यातलं एक विजेट यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेवर चालायचं, त्यामुळे तारीख मध्यरात्रीऐवजी काही तासांनी बदलायची. वर्षाच्या पट्टीत हे कळतही नाही, दिवसाच्या पट्टीत सगळा हिशेब बिघडतो. आणि नुसती वेळ दाखवायला कुणी तुमच्या खात्याचा प्रवेश मागत असेल तर सरळ नाही म्हणा.

नोशनमध्ये सूत्र फक्त डेटाबेसमध्ये चालतं, मोकळ्या पानावर नाही. म्हणून एक लहान टेबल करायचं: सुरुवातीची तारीख, शेवटची तारीख, आणि सरलेले दिवस भागिले एकूण दिवस असा सूत्राचा रकाना. मग त्या रकान्याची मांडणी ‘बार’ करायची. इथे बरेच जण अडकतात. उत्तर ० ते १ मधला अपूर्णांक असेल तर ‘डिव्हाइड बाय’ मध्ये १०० च्या जागी १ लिहावं लागतं, नाहीतर आकडा बरोबर आणि पट्टी रिकामी. एकूण दिवस ३६५ असे हाताने लिहू नका, दोन तारखांतून काढा. २०२८ लीप वर्ष आहे. मुदत उलटल्यावर सूत्र १०७ टक्केही दाखवेल. ‘मिन’ वापरून ते १०० वर अडवता येतं, पण मी अडवत नाही. उशीर झालाय तर दिसू दे.

गूगल शीट्समध्ये ‘स्पार्कलाइन’ हे एकच फंक्शन सेलमध्ये पट्टी काढून देतं. तासांचा हिशेब हवा असेल तर सेटिंग्जमधल्या कॅल्क्युलेशनमध्ये ‘दर मिनिटाला’ किंवा ‘दर तासाला’ निवडायचं, नाहीतर काही बदल केल्याशिवाय आकडा ताजा होत नाही. ऑब्सिडियन एचटीएमएलची प्रोग्रेस पट्टी दाखवतं, पण तिचा आकडा रोज आपोआप बदलायचा तर डेटाव्ह्यूसारखं प्लगइन (वरून जोडायची सोय) लागतं. कोड लिहायची सवय नसेल तर त्या वाटेला न गेलेलं बरं.

दोन पट्ट्या, एकीखाली एक

या सगळ्यात मला खरोखर उपयोगी वाटते ती जोडपट्टी: वर वेळ, खाली काम, डावी कड एकच. समजा दहा आठवड्यांचा प्रकल्प, त्यात ४० कामं. सहा आठवडे गेले आणि १४ कामांवर टिक झाली. वेळ ६० टक्के, काम ३५. एकट्या ६० वरून काही कळत नाही, एकट्या ३५ वरूनही नाही. मधली २५ टक्क्यांची दरी पाहिली की आज काय करायचं ते कळतं. स्क्रम या सांघिक कामाच्या पद्धतीतला बर्नडाउन आलेख हेच करतो, फक्त तिथे उरलेलं काम उताराने दाखवतात. नोशनमध्ये कामाची पट्टी ‘रोलअप’ (जोडलेल्या टेबलाचा गोषवारा देणारा रकाना) मधल्या ‘पर्सेंट चेक्ड’ने मिळते, शीट्समध्ये टिक मोजून भागाकार केला की झालं.

पट्टीने हुरूप येतो असं सांगताना मानसशास्त्रज्ञ क्लार्क हल यांचं १९३४ चं संशोधन पुढे केलं जातं: अन्न जवळ येईल तसे उंदीर वेगाने धावतात. ते बरोबरच आहे, पण तिथे उंदीर स्वतः धावत होता. हा फायदा खालच्या पट्टीचा आहे, वरचीचा नाही.

जोडपट्टीतही एक खोट आहे. टिक मोजताना सोपं काम आणि अवघड काम एकाच तोलाचं धरलं जातं, आणि सोपी कामं तर आपण आधीच उरकतो. दोन्ही पट्ट्या बरोबरीने चालल्या म्हणजे निर्धास्त व्हावं असं नाही. कामांपुढे अंदाजे तास लिहून त्यांची बेरीज वापरली तर चित्र बरंच खरं होतं.

आणि मुदत वाढली तर? नव्वद टक्क्यांवर आलेली वेळेची पट्टी, दहाच्या जागी पंधरा आठवडे लिहिताच, ६० वर येते आणि सगळं आलबेल दिसू लागतं. म्हणून टेबलात ‘मूळ मुदत’ हा रकाना वेगळा ठेवा, नवी तारीख त्याच्या शेजारी लिहा, आणि सूत्र मूळ तारखेवरच चालू द्या.