दुसरीचे वर्ष मराठी शाळेत की सीबीएसईमध्ये? नाशिकच्या पालकांसाठी तुलनात्मक आढावा

पहिली संपत आली की नाशिकमधील अनेक मराठी घरांत एकच विषय निघतो. मुलाला आहे त्याच मराठी शाळेत ठेवावे, की पुढे प्रवेश मिळणे कठीण होईल म्हणून दुसरीपासूनच सीबीएसईच्या इंग्रजी शाळेत घालावे? माझी थोरली मुलगी पंचवटीतील एका अनुदानित मराठी शाळेत दुसरी शिकली आणि धाकटा मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाच्या सीबीएसई शाळेत शिकला. त्यामुळे दोन्हीकडचे दुसरीचे वर्ष मी रोजच्या वह्यांतून जवळून पाहिले आहे.

कागदावर दोन्हीकडचे उद्दिष्ट जवळजवळ सारखेच आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात वयाच्या तिसऱ्या ते आठव्या वर्षापर्यंतचा काळ पायाभूत स्तर मानला असून दुसरी हे त्या स्तराचे शेवटचे वर्ष आहे. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानानुसार दुसरीच्या अखेरीस मुलाने अनोळखी मजकूर मिनिटाला ४५ ते ६० शब्द या गतीने समजून वाचावा आणि ९९९ पर्यंतच्या संख्या वाचाव्यात व लिहाव्यात, अशी अपेक्षा आहे. फरक पडतो तो तेथवर पोहोचण्याच्या वाटेत.

मराठी शाळेत पहिलीत अक्षरओळख आणि काना-मात्रा झालेल्या असतात. दुसरीत जोडाक्षरे आणि रफार पक्के होतात आणि मूल सलग परिच्छेद वाचू लागते. माझी मुलगी एका संध्याकाळी ओळीखाली बोट धरून ‘सु...ट...टी’ असे वाचत होती. क्षणभर थांबली आणि एकदम म्हणाली, “अगं आई, सुट्टी!” शब्द तिच्या कानात आधीपासून होता, डोळ्यांनी तो फक्त ओळखायचा होता. मुलगा त्याच वयात ‘थ्रू’ हा शब्द घोकत होता. त्याचा उच्चार त्याला पाठ झाला, पण त्या शब्दाने त्याच्या मनात काहीच उभे राहिले नाही, कारण घरात तो शब्द कोणी उच्चारलेलाच नव्हता. दुसरी हे अक्षरांकडून अर्थाकडे जाण्याचे वर्ष असल्यामुळे, घरची भाषा आणि वाचनाची भाषा एक असणे ही या वयात फार मोठी सोय आहे, असे माझे ठाम मत झाले आहे.

सीबीएसई शाळेत भाषांची संख्याही वाढते. एनसीईआरटीची २०२३ पासूनची ‘मृदंग’ हे इंग्रजीचे आणि ‘सारंगी’ हे हिंदीचे ही पुस्तके चित्रमय आणि खेळांनी भरलेली आहेत, आणि ती मला मनापासून आवडली. मात्र २०२० च्या कायद्यानुसार राज्यातील सर्वच शाळांत मराठी सक्तीची असल्याने, मुलाच्या वाट्याला दोन लिप्या आणि तीन भाषा येतात. हिंदी आणि मराठीची लिपी एक असणे ही मदत आहे, तशीच ती अडचणही आहे. माझ्या मुलाच्या मराठीच्या वहीत ‘पानी’ आणि ‘कमल’ यांवर लाल रेघा असत आणि हिंदीच्या वहीत ‘पाणी’ आणि ‘कमळ’ यांवर.

गणितात मात्र पारडे दुसऱ्या बाजूला झुकते. मराठीत ‘सत्तावन्न’ म्हणताना सात आधी ऐकू येतात, म्हणून मूल ७ लिहून पुढे ५ लिहिते आणि ७५ करून मोकळे होते. ‘एकोणसाठ’ ऐकल्यावर तर ६९ किंवा ६१ असे काहीही लिहिले जाते. इंग्रजीत वीसच्या पुढे बोलण्याचा आणि लिहिण्याचा क्रम एकच राहतो, त्यामुळे मुलाला हा गोंधळ जवळजवळ झाला नाही. ही अडचण ओळखूनच बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ अशी वाचनाची पद्धत दिली होती. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर होत्या आणि त्या बदलावरून मोठा वाद झाला होता. मला तो बदल योग्य वाटला. आम्ही घरी दहा-दहा काड्यांचे गठ्ठे बांधून, पाच गठ्ठे आणि सात सुट्या काड्या समोर ठेवून दोन्ही नावे मोठ्याने म्हणत असू. महिनाभरात आकड्यांची अदलाबदल थांबली आणि हातच्याची बेरीजही सोपी गेली. सेमी-इंग्रजीच्या वर्गात गणित इंग्रजीतून आणि भाषेचा पाया मराठीतून असल्याने हा पर्याय अनेकांना मधला वाटतो, आणि शिक्षक चांगले असतील तर तो खरोखर चालतो.

परिसर अभ्यास हा वेगळा विषय राज्याच्या अभ्यासक्रमात तिसरीपासून येतो. काही खासगी शाळा मात्र दुसरीतच सामान्यज्ञान आणि संगणकाची जादा पुस्तके लावतात. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नसावा आणि दप्तराचे वजन १.६ ते २.२ किलो असावे असे म्हटले आहे. माझ्या मुलाचे दप्तर मी एकदा तोलले तेव्हा ते साडेतीन किलो भरले होते. राज्य शासनाने २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय घेतला. नाशिकच्या डिसेंबरातील थंडीत हा प्रश्न छोटा नाही, म्हणून शाळेची वेळ आणि बस दारात येण्याची वेळ या दोन्ही विचारून घ्याव्यात. खर्चाचे सांगायचे तर महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांत पाठ्यपुस्तके व पोषण आहार मोफत मिळतो, खासगी शाळेत शुल्काबरोबर बस आणि पुस्तकांचाही हिशेब धरावा लागतो.

वडील देवळालीच्या तोफखान्यात किंवा ओझरच्या एचएएलमध्ये असतील आणि बदलीची शक्यता असेल, किंवा घरची भाषाच हिंदी असेल, तर सीबीएसईची निवड सरळ आहे. घरी मराठी बोलली जाते आणि नाशिकमध्येच राहायचे आहे, अशा कुटुंबाने दुसरी मराठी किंवा सेमीमध्येच पूर्ण करावी आणि बदल करायचाच असेल तर वाचन पक्के झाल्यावर करावा, असे मी सुचवेन. मराठी शाळेचे वर्ष जूनच्या मध्यावर सुरू होते, तर बहुतेक सीबीएसई शाळांचे एप्रिलमध्ये, त्यामुळे बदलणारे मूल सुट्टी न घेताच नव्या वर्गात बसते, हेही लक्षात ठेवावे.

अर्थात मराठी शाळा म्हणजे कोणतीही मराठी शाळा नव्हे. प्रवेशाआधी दुसरीच्या चार-पाच मुलांच्या वह्या पाहायला मागाव्यात. सर्व वह्यांत फळ्यावरून उतरवलेली तीच वाक्ये दिसली, तर माध्यम कोणतेही असो, तेथे मुलाला घालू नये. आणि एखाद्या वहीत ‘आमच्या गाईला काल वासरू झाले’ असे मुलाचे स्वतःचे वाक्य चुकीच्या ऱ्हस्व-दीर्घासह दिसले, तर त्या वर्गाच्या बाईंना जरूर भेटावे.