हुआयू शिष्यवृत्ती, दोन महिन्यांची: पैसे बेताचे, वेळापत्रक त्रासाचं

तैवानच्या शिक्षण मंत्रालयाची हुआयू एनरिचमेंट शिष्यवृत्ती चिनी शिकणाऱ्यांमध्ये ‘एचईएस’ म्हणून ओळखली जाते. बारा महिन्यांपासून दोन महिन्यांपर्यंत तिचे वेगवेगळे कालावधी असतात. त्यातली दोन महिन्यांची उन्हाळी (तिथला उन्हाळा म्हणजे जून ते ऑगस्ट) शिष्यवृत्ती कॉलेजच्या सुट्टीत किंवा बिनपगारी रजा काढून जमण्यासारखी, म्हणून बरेच जण तिच्याकडे वळतात. पण फॉर्म उघडण्याआधी एक नियम दोनदा वाचावा: ही शिष्यवृत्ती एका माणसाला एकदाच मिळते. दोन महिने घेतले की वर्षभराच्या शिष्यवृत्तीचा दरवाजा बंद. पदवीनंतर सलग वर्ष काढता येण्याची ज्याला खरी शक्यता आहे, त्याने उन्हाळी अर्ज करणं म्हणजे हुकुमाचं पान पहिल्याच हाताला टाकणं. नोकरी किंवा घर सोडून वर्षभर जाता येणार नाही हे पक्कं असेल, तर मात्र याच्याइतकी सोयीची योजना सापडणं कठीण.

आधी पैसे. महिना 25,000 तैवानी डॉलर हा आकडा बरीच वर्षं चालत आला. रक्कम बदलू शकते, तेव्हा चालू वर्षाचं परिपत्रक बघा. एका तैवानी डॉलरचे अडीच ते तीन रुपये धरले, तर 25,000 च्या हिशोबाने दोन महिन्यांचे सव्वा ते दीड लाख होतात. ऐकायला बरं वाटतं, पण शिकवणीची फी यातूनच भरायची असते. विमानाचं तिकीट वेगळं मिळत नाही. सरकारी आरोग्य विमा सहा महिने राहिल्याशिवाय लागू होत नाही, म्हणून प्रवास विमाही आपणच काढायचा. साध्या भाषा केंद्रात निम्मी रक्कम फीत जाईल असं धरून चाला. उरलेल्यात तैपेईत खोली आणि जेवण कसंबसं बसतं. दक्षिणेकडच्या ताइनान किंवा काओश्युंगमध्ये जरा सैल बसतं. शिवाय पहिला हप्ता हातात पडायला काही आठवडे लागू शकतात आणि फी मात्र नोंदणीच्या दिवशीच मागतात. फी आणि एका महिन्याचा खर्च खिशात ठेवूनच निघावं.

इथे बहुतेकांची गफलत होते ती अशी: शिष्यवृत्तीचा अर्ज आणि भाषा केंद्राचा अर्ज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केंद्राला अर्ज केल्याचा पुरावा शिष्यवृत्तीच्या अर्जाला जोडावा लागतो. शिष्यवृत्तीची मुदत साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये असते, निकाल उन्हाळ्याच्या तोंडावर लागतो आणि केंद्राची उन्हाळी मुदत कधीकधी त्याआधीच संपते. म्हणून निकालाची वाट न बघता केंद्राचा प्रवेश पुरा करून ठेवायचा. जुलै-ऑगस्टचं सत्र मिळत असेल तर तेच घ्यावं; जूनमध्ये सुरू होणाऱ्या वर्गासाठी व्हिसाला श्वास घ्यायलाही वेळ उरत नाही.

केंद्र निवडताना दोन आकडे तपासा. पहिला, आठवड्याचे तास: शिष्यवृत्तीला किमान 15 लागतात, आणि काही केंद्रांच्या नेहमीच्या वर्गात 10 च भरतात. उरलेले तास कसे भरून देणार, हे केंद्राला लेखी विचारा. दुसरा, सत्राची लांबी: बरीच केंद्रं तीन-तीन महिन्यांच्या सत्रांत चालतात, म्हणजे तिसरा महिना स्वतःच्या खिशातून. नॅशनल तैवान नॉर्मल युनिव्हर्सिटीचं मँडरिन ट्रेनिंग सेंटर 1956 पासून चालू आहे. मोठं, शिस्तीचं, सगळ्या पातळ्यांचे वर्ग असलेलं. नॅशनल तैवान युनिव्हर्सिटीतलं आयसीएलपी हे भाषा केंद्र शिकवण्यात उजवं, वर्ग तीन-चार जणांचे, पण तिथली फी या शिष्यवृत्तीत बसत नाही. ताइनानचं चेंग कुंग विद्यापीठ आणि काओश्युंगचं वेन्झाओ विद्यापीठ हे पर्याय उगाच मागे पडतात. कानावर इंग्रजी कमी पडणं हा दोन महिन्यांत मोठाच फायदा.

कागदपत्रांत महाराष्ट्रातल्या लोकांना हमखास अडवणारी गोष्ट म्हणजे नाव. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर रचना निराळी. लग्नानंतर नाव बदललेलं असेल तर तिसरीच तऱ्हा. फॉर्मवर सगळीकडे पासपोर्टप्रमाणेच लिहा आणि फरकाचं प्रतिज्ञापत्र जोडा. पदवी किंवा गुणपत्रिका प्रमाणित करून मागितली, तर एजंटच्या ‘अपोस्टिल करून देतो’ला भुलू नका. अपोस्टिल हा शिक्का हेग करारातल्या देशांतच चालतो आणि तैवान त्या करारात नाही. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या शिक्क्यानंतर तैवानच्या भारतातल्या कार्यालयाचं प्रमाणीकरण लागतं. शिफारसपत्रं दोन, बंद पाकिटात. एक तरी चिनी शिकवणाऱ्याकडून घ्या, कारण ‘विद्यार्थी हुशार आणि सुस्वभावी आहे’ असं लिहिणारे प्राचार्य कुणालाही मिळतात.

अर्जासोबत द्यायच्या अभ्यासाच्या आराखड्यात संस्कृतीच्या प्रेमाचे परिच्छेद नकोत. आठवड्याला 15 तास, आठ आठवडे, म्हणजे वर्गाचे 120 तास. त्यांत काय होईल ते लिहा: आज कोणती पातळी, परतताना कोणती, कोणती परीक्षा कोणत्या महिन्यात. प्रमाणपत्र टीओसीएफएल या तैवानच्या चिनी भाषा परीक्षेचं असेल तर वजन पडतं. एचएसके या चीनच्या भाषा परीक्षेच्या तयारीवर आलेल्यांनी एक कबुली आराखड्यातच द्यावी: आपल्याला चीनमध्ये चालणारी सोपी केलेली अक्षरं येतात, तिथे पारंपरिक चालतात. निघण्याआधी ती वाचण्याचा सराव करणार, असं लिहा आणि खरंच करा. जोडीला बोपोमोफोची, म्हणजे तैवानमध्ये उच्चार लिहायला वापरतात त्या लिपीची, 37 चिन्हं आठवड्याभरात होतात. आपली वर्णमाला कंठापासून ओठांकडे येते, ही ओठांपासून सुरू होते. बाराखडीवर वाढलेल्या माणसाला ती परकी वाटत नाही.

व्हिसा अभ्यासाच्या कारणाचाच काढायचा. अमेरिकेचा किंवा शेंगेनचा व्हिसा असणाऱ्या भारतीयांना ऑनलाइन मिळणारं प्रवेशपत्र थोड्या दिवसांच्या भेटीसाठी असतं, त्यावर दोन महिन्यांचा वर्ग होत नाही. राहण्यासाठी आधी केंद्राच्या वसतिगृहाला विचारा. घरमालक सहसा सहा महिने ते वर्षाचा करार मागतात.

आणि हजेरी. आजारपणासारखं सबळ कारण नसताना महिन्यात 12 तासांहून जास्त दांड्या झाल्या, तर एका महिन्याची रक्कम थांबते. बारा महिन्यांवाल्याचा बारावा हिस्सा जातो, उन्हाळ्यावाल्याची अर्धी शिष्यवृत्ती. आठवड्याचे तास 15, म्हणजे चार दिवस कुठे भटकायला गेलात की सूट संपली. भटकंती शनिवार-रविवारीच ठेवा, किंवा व्हिसा देत असेल तर सत्र संपल्यावर.