लॉनच्या खतावर नियम करायचाय? पावसाळी बंदी की फॉस्फरसबंदी

सोसायटीच्या लॉनमधलं खत व्हाळात, म्हणजे ओढ्यात, जाऊ नये म्हणून नियम करायचा तर दोन नमुने आहेत, दोन्ही अमेरिकेतले. फ्लोरिडात पिनेलास काउंटीत १ जून ते ३० सप्टेंबर, म्हणजे पावसाळाभर, लॉनला नायट्रोजन किंवा फॉस्फरसवालं खत टाकायचंच नाही. मिनेसोटात २००५ पासून राज्यभर लॉनच्या खतात फॉस्फरस चालत नाही, माती तपासून कमी निघाला किंवा लॉन नवीन असलं तरच सूट. गोव्यात पर्वरीला आमच्याकडे हा विषय निघाला तेव्हा दोन्हींवर भरपूर काथ्याकूट झाला.

कागदावर मिनेसोटावाला जास्त शास्त्रशुद्ध वाटतो. त्यांची तळी गोड्या पाण्याची, तिथे शेवाळ माजतं ते मुख्यतः फॉस्फरसमुळे. आपला व्हाळ उतरतो मांडवीत, भरतीच्या खाऱ्या पाण्यात, आणि अशा ठिकाणी बहुतेक नायट्रोजनच नडतो. शिवाय आपली तांबडी माती फॉस्फरस बऱ्यापैकी धरून ठेवते, युरियातला नायट्रोजन मात्र पाण्याबरोबर गेला की गेला.

पण खरं सांगू का, माझं मत ठरलं ते पिशवीमुळे. माळी खत सुटं आणतो, गाठ मारलेली प्लास्टिकची पिशवी, आत थोडे पांढरे थोडे करडे दाणे, वर ना नाव ना आकडे, आणि विचारलं की "लॉनाचें सारें, आनी कितें?" (लॉनचं खत, आणखी काय?) दुकानात फोन केला तर म्हणे ४६ वालं आहे. आता युरियात नायट्रोजन ४६ टक्के आणि डीएपीत, म्हणजे फॉस्फरसवाल्या दाणेदार खतात, फॉस्फेटही ४६च, काय समजायचं माणसाने! फॉस्फरसबंदी पाळली जाते की नाही हे बघणार कोण? कॅलेंडर मात्र सगळ्यांना वाचता येतं, जुलैत माळ्याच्या हातात खताचं घमेलं दिसलं तर तिसऱ्या मजल्यावरच्या काकूसुद्धा वरून हटकतात.

पावसाळी बंदीतही खोट आहेच. गवत तेव्हाच जोरात वाढतं आणि खत उचलतं, फ्लोरिडा विद्यापीठातल्या लोकांनीही हा आक्षेप घेतला होता. वर बंदीच्या आदल्या दिवशी दुप्पट खत मारून ठेवायचा मोह होतो, म्हणून आम्ही १५ मेपासूनच बंद केलं, पहिली जोरदार सर काही तारीख बघून येत नाही. तुमचं लॉन मयेसारख्या गोड्या तळ्याच्या काठी असेल आणि खत सीलबंद गोणीतूनच येत असेल तर मिनेसोटावाला घ्या, माझी काही हरकत नाही. बाकीच्यांनी तारीखच धरावी असं आपलं मला वाटतं.

लॉन पिवळं दिसतंय म्हणून ओरडणारे भेटतीलच, त्यांच्यासाठी थोडा हिराकस (लोहाचा क्षार) पाण्यात घालून फवारा, त्यात नायट्रोजनही नाही आणि फॉस्फरसही नाही, फक्त फरशीवर उडू देऊ नका, तांबडे डाग पडतात आणि घासून जात नाहीत.