साक्षरता स्वयंसेवकांचे डिजिटल प्रशिक्षण: एक अभिप्राय

केंद्र सरकारच्या ‘उल्लास’ नवभारत साक्षरता कार्यक्रमात (2022 ते 2027) 15 वर्षांवरील निरक्षरांना शिकवणाऱ्या स्वयंसेवकांनी अक्षरओळखीसोबत डिजिटल व आर्थिक व्यवहारांचीही ओळख करून द्यावी, अशी अपेक्षा आहे. त्यासाठी आमच्या तालुक्यात एका संस्थेने घेतलेले प्रशिक्षण एकंदरीत उपयुक्त ठरले.

यूपीआयचे सत्र सर्वांत सरस होते. पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, हे नुसते न सांगता प्रशिक्षिकेने क्यूआर कोड स्कॅन करायला लावून, पिन विचारणारा पडदा आला की हात आखडायचा, याचा प्रत्यक्ष सराव करून घेतला. शेतात राबून भेगाळलेल्या बोटांचा स्पर्श पडद्याला नीट कळत नाही आणि बोट जास्त वेळ टेकले तर भलताच पर्याय उघडतो, म्हणून बोट हलकेच टेकवून लगेच उचलायला आधी शिकवावे, ही त्यांची सूचना पुस्तिकेत कुठेच नव्हती.

दुपार मात्र इंग्रजी स्लाइड वाचून दाखवण्यात वाया गेली. बोलून मराठी टंकलेखन करण्याची सोय, जी नवसाक्षरांना खरोखर हवी, ती घाईघाईत उरकली. जाणाऱ्यांनी फोन पूर्ण चार्ज करून न्यावा; सभागृहात प्लगची सोय जेमतेमच आहे.