८५,५०० रुपयांचा कान: लग्नाच्या फोटोंत मी कसा फसलो

मी गोव्यात हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतो. दहावीच्या वर्गाला दरवर्षी भिंगं, नाभीय अंतर, प्रतिमा कशी तयार होते हे सगळं फळ्यावर काढून दाखवतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण ज्याला ज्याला हा प्रकार कळला त्याने पहिलं हेच विचारलं, "मास्तर असून फसलास?" हो, फसलो. फोटोग्राफरला बुकिंगचे ३५,०००, नंतर 'अ‍ॅक्शन'च्या नावाखाली १२,०००, लग्नाच्या सकाळी ३०,००० आणि सगळं उरकल्यावर, अक्कल यायला हवी होती तेव्हा, आणखी ८,५००. एकूण ८५,५००. वडील नाहीत, त्यामुळे धाकट्या बहिणीच्या लग्नाचा सगळा व्यवहार माझ्याच हातात होता. दोष द्यायला दुसरं कोणी नाही.

चवथ (गणेश चतुर्थी) झाली आणि आम्ही फोटोग्राफर शोधायला लागलो. बहिणीचं म्हणणं एकच होतं: स्टेजवर रांगेत उभं करून, हनुवटी वर करा, हनुवटी खाली करा, असले फोटो नकोत. घडतंय ते घडताना पकडणारा माणूस हवा. उडालेल्या अक्षता, अंतरपाट सरकताच दोघांचे चेहरे, वरातीत घुमट या वाद्यावर पडणारी थाप. मागणी रास्त होती. हा इसम इंटरनेटवर सापडला. पान चकाचक, खाली कौतुकाचा पाऊस. घरी आला, आईच्या पाया पडला, मला दर वाक्याला 'सर'. पॅकेज ९५,०००. टॅबवर नमुने दाखवायला लागला आणि आम्ही सगळे त्या काचेवर वाकलो.

आता ज्या क्षणासाठी मी रोज स्वतःला शिव्या घालतो तो सांगतो. नमुन्यांत एक फोटो होता. नवरा-नवरी समोरासमोर बसलेत आणि ओंजळी भरभरून एकमेकांच्या डोक्यावर पिवळे तांदूळ ओततायत. नवरी खदखदून हसतेय, तिच्या भुवईवर एक दाणा टेकलेला, बाकीचे हवेत, एकेक दाणा मोजून घ्यावा इतका स्पष्ट. तो म्हणाला, "सर, हे म्हार्दोळचं लग्न, गेल्या सीझनचं." मावशी चष्मा वर करून म्हणाली, "अरे, पण असं ओंजळीने डोक्यावर ओतणं आपल्यात कुठं करतात?" आणि मी, विज्ञानाचा मास्तर, तिला म्हणालो, "मावशी, फोटो बघ ना, रीत काय बघतेस!"

तो तेलुगू लग्नातला विधी आहे. तलंब्रालु म्हणतात त्याला. म्हार्दोळच्या आमच्या लोकांत तो कुठून येणार? पुढे, सगळं हातचं गेल्यावर, तोच फोटो इंटरनेटवर उलटा शोधला, म्हणजे फोटो टाकून तो आणखी कुठे आहे ते पाहिलं, तेव्हा मूळ फोटोग्राफरच्या पानावर जसाच्या तसा सापडला. शोधायला एक मिनिटही लागलं नाही. हे मिनिट सप्टेंबरात घालवलं असतं तर आज मी हे लिहीत बसलो नसतो. तुम्ही घालवा. आणि वेचलेले वीस फोटो कोणी दाखवायला लागला तर एकाच लग्नाचे सगळे फोटो, सकाळच्या हळदीपासून वरातीपर्यंत, सलग मागा. चोरलेले वीस फोटो कोणाकडेही असतात, चोरलेलं अख्खं लग्न सहसा नसतं.

करार केला नाही. तो म्हणाला, "व्हॉट्सअ‍ॅपवर सगळं आहे ना सर, विश्वास ठेवा." गोव्यात लग्नाची नोंद करायला सिव्हिल रजिस्ट्रारकडे दोनदा जाऊन सह्या कराव्या लागतात, साक्षीदार न्यावे लागतात. तिथे एक अक्षर इकडचं तिकडे होऊ नये म्हणून मी जन्मदाखले तीन-तीन वेळा तपासले. आणि ९५,००० च्या कामाला एक सही घेतली नाही. पक्कं बिल मागितलं तेव्हा म्हणाला, जीएसटी लावला तर १८ टक्के वाढतील. मी गप्प बसलो. पैसे वाचवायला गेलो, दुसरं काय! पण खरं सांगा, तुमच्या घरच्या लग्नात किती जणांनी पक्कं बिल घेतलंय?

नोव्हेंबरात त्याने १२,००० चं नवं काढलं. वेगवान क्षणांसाठी, म्हणजे 'अ‍ॅक्शन'साठी, दुसरा कॅमेरा आणि दुसरा माणूस लागतो म्हणे. ऐकायला पटलं, कारण ते खरंच आहे. मंगलाष्टकं संपताना एका कॅमेऱ्याने नवरीचा चेहराही आणि अक्षता उधळणारा मांडवही मिळत नाही. असले लोक निम्मं खरंच बोलतात, तिथेच आपण अडकतो.

लग्न डिसेंबरात, फोंडा तालुक्यातल्या एका हॉलमध्ये. सकाळी ३०,००० दिल्याशिवाय कॅमेरा बॅगेतून निघेना. भटजी पुण्याहवाचनाला बसलेले, पाहुणे दारात. त्या वेळी कोण भांडणार? दिले. तो स्वतः आलाच नव्हता. दोन पोरं पाठवली होती, विशीची. एकाच्या हातात कॅमेरा, त्यावर कॅमेऱ्यासोबत मिळतं ते साधं १८-५५ चं भिंग. फ्लॅश नाही. "सर, नॅचरल लाइट," पोरगा म्हणाला. त्या हॉलला धड खिडक्या नव्हत्या, कुठला नॅचरल लाइट?

दुसरी खूण मला कानांनी मिळाली होती. वेगात चाललेलं शटर, म्हणजे कॅमेऱ्यात उजेड सोडणारा पडदा, एकच आवाज करतं, चक्. याचं वाजत होतं खट्... टक्. उघडल्याचा वेगळा, मिटल्याचा वेगळा. म्हणजे शटर इतका वेळ उघडं की मधलं अंतर कानाला कळावं. मला कळलं. कळूनही मी पानसुपारीच्या तबकामागे धावलो, कारण वराकडची मंडळी आली होती.

फोटो मिळाले फेब्रुवारीत, पेनड्राइव्हवर. लाजाहोमाच्या वेळी भाऊ नवरदेवाचा कान पिळतो, तो माझा एकुलता एक मान. त्या फोटोत माझा हात म्हणजे एक धुराचा लोट आहे आणि नवरदेवाला अडीच कान आहेत. मागच्या भिंतीवरची 'चपला बाहेर काढाव्यात' ही पाटी मात्र इतकी स्वच्छ आहे की तिच्या कोपऱ्यातला गंजलेला खिळाही दिसतो. कॅमेरा तिपाईवर होता, पाटी हलत नव्हती, आम्ही हलत होतो. अंतरपाटाचे दोन फोटो आहेत. एकात तो धरलेला, दुसऱ्यात गळ्यात हार पडलेले. मधलं सगळं, ज्यासाठी हा खर्च केला ते, नाही. अक्षता म्हणजे पडद्यावर ओरखडे मारल्यासारख्या रेघा.

फाइलची माहिती उघडली: शटर १/२५ सेकंद, भिंगाचं छिद्र एफ ५.६ (हा आकडा जितका लहान तितकं छिद्र मोठं), आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, ८००. माणसाची अशी हालचाल थांबवायला १/२५० च्या आसपास तरी शटर लागतं, उडत्या अक्षतांना त्याहून जास्त. म्हणजे दहापट वेग, आणि त्याला दहापट उजेड. एफ १.८ चं साधं ५० एमएमचं भिंग लावलं असतं तर जवळपास तेवढा उजेड तिथेच मिळाला असता. नाहीतर फ्लॅश, नाहीतर आयएसओ वाढवून थोडे दाणेदार फोटो. दाणेदार चालले असते हो! दाणेदार फोटोत निदान कान दोन असतात. तेव्हा आगाऊ रक्कम देण्याआधी एवढंच विचारा: हॉलमध्ये अंधार असेल तर काय करणार? ज्याला काम येतं तो तुमचं डोकं खाईल इतकं सांगेल. 'एडिटिंगमध्ये करू' असं उत्तर आलं तर चहा पाजून वाटेला लावा. हललेला फोटो एडिटिंगमध्ये थांबत नाही.

आता ८,५००. मी फोनवर आरडाओरडा केला तर तो म्हणाला, अ‍ॅक्शनचे सगळे फोटो दुसऱ्या कॅमेऱ्यात होते, त्याचं कार्ड करप्ट झालंय, बेळगावला रिकव्हरी होते, पैसे आधी भरावे लागतात. बहीण रडत होती. मी पाठवले. चार दिवसांनी नंबर बंद.

मग मामेभावाच्या मोबाइलमधले फोटो चाळताना ते दुसरं पोरगं दिसलं. वडे खात उभं आहे, गळ्यात दुसरा कॅमेरा, आणि कॅमेऱ्याच्या तळाचं बॅटरीचं झाकण उघडं लोंबतंय. आत पोकळी. बॅटरीच नाही. १२,००० रुपयांचा तो कॅमेरा दिवसभर दागिन्यासारखा मिरवला.

तक्रारीची कथा तर विचारूच नका. घराजवळच्या ठाण्यात गेलो तर हवालदार म्हणतो, "फोटो मेळ्ळे न्हय? मागीर फटवणूक खंयची?" (फोटो मिळाले ना? मग फसवणूक कसली?) समजावलं की नमुने चोरलेले होते, कॅमेरा रिकामा होता, करप्ट कार्ड अस्तित्वातच नव्हतं. म्हणे सिव्हिल मॅटर. वर सल्ला, की लग्न हॉलच्या हद्दीत झालं, तिकडे जा. तिकडचे म्हणाले, पैसे घरून पाठवलेत, तिकडे जा. दोन्हीकडे मिळून पाच फेऱ्या, तीन किरकोळ रजा, एकदा साहेब जेवायला गेलेत म्हणून दोन तास बाकावर. एका साहेबांनी माझा तो अडीच कानांचा फोटो शेजारच्याला दाखवला आणि दोघं हसले. मीही कसनुसा हसलो, याचाच जास्त राग येतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्यात, कलम १७३ आहे: दखलपात्र गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, ठाण्याने माहिती नोंदवून घ्यायची. हे मला वकिलाने सांगितलं. ज्यांचं काम ते सांगण्याचं, त्यांनी मला बसचं वेळापत्रक सांगितलं. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात, आम्ही काय करणार.

वकिलाने आणखी एक सांगितलं, ते तुमच्या कामाचं. सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला फी नाही. पण कागद लागतो. कागद म्हणजे माझ्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवरचे त्याचे हात जोडलेले इमोजी. तेही छापून घेतलेत. पैसे पाठवताना शेरा लिहायची जागा असते, तिथे कशाचे पैसे ते लिहा. मी चारही वेळा रिकामी सोडली. नोटीस पाठवली ती 'पत्ता सोडून गेले' असा शिक्का घेऊन परत आली.

त्याचं पान अजून चालू आहे. नाव बदललंय, नंबर बदललाय. पहिला फोटो तोच: पिवळे तांदूळ, हसणारी नवरी, भुवईवर एक दाणा. दिसला तर ओळखा.